ओंबिलीच्या घरात शिरायची वाट

ओंबील, म्हणजे झाडाची पानं शिवून घर करणारी मुंगी. तिची अळी एरवी घराबाहेर दिसत नाही. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, चावा घेता येईल असे जबडे नाहीत. पानांच्या गोळ्यात खोल आत ती दाया मुंग्यांच्या हवाली पडून असते. पण नवं घर शिवायला घेतलं, किंवा वाऱ्याने जुनं उसवलं, की हीच अळी उघड्यावर आणावी लागते, कारण दोरा तिच्याकडेच आहे.

काजूच्या कोवळ्या पालवीवर हे काम हातभर अंतरावरून बघता येतं. कामकरी मुंग्या पानाच्या कडेवर ओळीने उभ्या राहतात. जबड्यात एका पानाची कड आणि मागचे पाय दुसऱ्या पानावर घट्ट रोवलेले. दोन पानांत अंतर जास्त असेल तर एकीची कंबर दुसरी धरते, दुसरीची तिसरी, अशी जिवंत साखळी होते आणि पानं हळूहळू जवळ ओढली जातात. मग आतून दुसरी तुकडी येते. तिच्यातल्या प्रत्येकीच्या तोंडात एकेक पांढुरकी अळी असते. मुंगी अळीचं तोंड पानाला टेकवते, मिशांनी तिला थोपटते, अळी रेशमाचा धागा सोडते. मग मुंगी वळून तिला पलीकडच्या पानाला टेकवते. पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे. मागावर धोटा फिरावा तशी अळी फिरत राहते आणि पानांमधल्या फटीवर पांढरं कापड तयार होतं.

या कामासाठी अळीने स्वतःचा कोष गमावलेला आहे. मुंगळ्याची अळी त्याच रेशमाचा कोष स्वतःभोवती विणते आणि त्यात झोपते. ओंबिलीची अळी सगळं रेशीम घराला देते, म्हणून तिची कोषावस्था उघडीच असते, नुसतं पांढरं, मऊ, मुंगीच्या आकाराचं अंग. वारूळ फुटल्यावर मुंगळे तोंडात धरून पळतात ती ‘अंडी’ म्हणजे खरं तर असे रेशमी कोष असतात. मुंगीचं अंडं इतकं बारीक की उभ्याने बघणाऱ्याला ते दिसायचंही नाही.

अळी घराबाहेर असण्याची ही थोडकी वेळ नेमकी साधणारी, गांधीलमाशीच्या कुळातली एक बारीक माशी आहे. तिचं नाव स्मिक्रोमॉर्फा. रंग फिकट पिवळसर-तपकिरी, अंग सडपातळ, पोटाला लांब देठ, डोक्यावरचे तीन साधे डोळे चांगलेच मोठे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये कीटक गोळा करणाऱ्या एफ. पी. डॉड यांनी ती बघितली. ओंबिली घर विणत असताना ही माशी वर घिरट्या घालते आणि मुंगीच्या जबड्यातल्या अळीवर झेप टाकते. १९१३ मध्ये तिथल्या जातीला डॉड यांचंच नाव मिळालं, स्मिक्रोमॉर्फा डोडाय. भारतातली एक जात कीटकशास्त्रज्ञ टी. सी. नरेंद्रन यांनी १९७९ मध्ये केरळातून वर्णिली, स्मिक्रोमॉर्फा केरलेन्सिस. २००९ मध्ये व्हिएतनाममधूनही एक जात वर्णिली गेली. या माशीचा माग काढत गेलं की माणूस ओंबिलीच्या घरट्यापाशीच पोचतो.

ओंबील म्हणजे काय ताकद आहे हे कोकणात कुणाला सांगायला नको. कलमावर चढून घळाने किंवा झेल्याने आंबे काढणाऱ्याच्या मानेवर ती उतरली की आधी चावते, मग पोट वळवून त्याच जखमेत आम्ल सोडते. एका वसाहतीत बहुधा एकच राणी, पण घरटी शंभराच्या वर असू शकतात, अनेक झाडांवर पसरलेली, आणि कामकरी पाच लाखांपर्यंत. अशा बंदोबस्तातून काही मिलिमीटरचा, ना जाड कवच ना मोठा डंख असलेला जीव वंश चालवून जातो. हे बळाने जमणारं नाही. मुंगीच्या वसाहतीवर जगणाऱ्या माश्यांची एकेक पद्धत बघत गेलं की एक गोष्ट सारखी पुढे येते: मुंग्यांचा पहारा मोडून कुणी आत जात नाही. मुंग्या जे काम सगळ्यात मन लावून करतात, उचलणं, वाहणं, चाटणं, भरवणं, त्याच कामातून वाट काढली जाते.

इथे ‘माशी’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. गांधीलमाशी म्हटलं की आढ्याला टांगलेलं पोळं आणि सुजलेला हात आठवतो. पण त्या कुळाच्या बहुसंख्य जाती एकांड्या, बारीक आणि माणसाला न चावणाऱ्या आहेत. बागायतदारांना त्यातली एक ओळखीची आहे: कीड आवरायला झाडाला लावतात त्या ट्रायकोकार्डावरची ट्रायकोग्रामा, किडीच्या अंड्यात अंडं घालणारी. ही सगळी परोपजीवी मंडळी, पण गोचिडीसारखी नव्हेत. गोचीड रक्त पिते, जनावर जगतं. इथे पिल्लाची वाढ पुरी होईतो यजमान संपलेला असतो. एका पिल्लाला साधारण एक यजमान, हा हिशेब.

मुंग्यांवर जगण्यात सगळ्यात तरबेज घराणं म्हणजे युकॅरिटिडी. या घराण्याची झाडून सारी मंडळी मुंग्यांच्याच अळ्या-कोषांवर वाढते. प्रौढ माशी दोन ते पाच मिलिमीटरची, बहुतेकदा हिरव्या-निळ्या धातूच्या झळाळीची, छाती कुबडासारखी फुगलेली, पोट बारीक देठाला लटकवलेलं. पुष्कळ जातींत नराच्या मिशा पिसासारख्या फाटे फुटलेल्या असतात. भिंगाखाली एकदा पाहिली की दुसऱ्या कशाशी गल्लत व्हायची नाही.

या घराण्यातली मादी मुंगीच्या वाटेला जातच नाही. ती झाडावर जाते. कळीच्या खवल्यांत, पानाच्या पेशींत, देठाच्या सालीखाली ती अंडी घालते. घालते म्हणजे किती, तर काही जातींत एका मादीची अंडी १०,००० च्या पुढे जातात. कीटकशास्त्रज्ञ कर्टिस क्लॉसेन यांनी १९२० च्या दशकात जपानमध्ये मुंगळ्याच्या कुळातल्या मुंगीवर वाढणारी एक जात अभ्यासली. ती तुतीच्या आणि चेस्टनटच्या कळ्यांत हजाराच्या आसपास अंड्यांचे पुंजके घालते. मादीचं आयुष्य थोड्याच दिवसांचं, खाणं जवळपास नाहीच, अंडी घालायला सुरुवात बाहेर पडल्या दिवशीच. आईचा यजमानाशी संबंध एवढाच की ज्या झाडावर ती मुंगी फिरते ते झाड तिने निवडलं. पुढचं सगळं पिल्लावर.

हे पिल्लू डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करू. त्याला प्लॅनिडियम म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे मिठाच्या कणाहूनही लहान. इतर परोपजीवी माश्यांची पिल्लं पांढरी, मऊ, असहाय असतात. हे मात्र टणक, तपकिरी, दोन्हीकडे निमुळतं, पाठीवर एकावर एक चढलेल्या पट्ट्या, खवल्या मांजराची आठवण व्हावी अशा. उन्हात पानावर पडून राहायचं तर अंगातलं पाणी टिकायला हवं, म्हणून ही टणक पाठ. पाय नाहीत, पण ते अंग आखडून सरकतं, शेपटाकडच्या काट्यांवर उभं राहतं, काही जातींत उसळीही मारतं. जवळून काही गेलं की चिकटायचं, एवढंच त्याला ठाऊक. काही दिवसांत कुणी आलं नाही तर मरायचं. हजारो अंडी का, ते इथे उमगतं.

मुंगी पानावर यावी म्हणून काही माद्या जागा हेरतात. अमेरिकेतल्या वाळवंटी भागात ओरासेमा वंशाची एक जात डेझर्ट विलो नावाच्या झाडाच्या पानांवर मधुग्रंथींच्या शेजारीच अंडी घालते. या ग्रंथी फुलाबाहेरच्या, मुंग्यांना बोलावण्यासाठीच असलेल्या. गोड रस प्यायला मुंगी येते आणि जाताना प्लॅनिडियम घेऊन जाते. काजूलाही अशा ग्रंथी आहेत, कोवळ्या पानांवर आणि मोहोरावर. काजूवर मुंग्यांची वर्दळ का असते याचं निम्मं उत्तर त्यांत आहे. उरलेलं निम्मं उत्तर पिठ्या ढेकूण आणि खवले किडीचा गोड पाझर. आपल्याकडे या माश्या शोधायच्या तर नजर टाकायची पहिली जागा तीच, असं मला वाटतं.

ओरासेमाच्याच काही जातींची पिल्लं मुंगीऐवजी फुलकिड्यांना चिकटतात. फुलकिडा मुंगीची शिकार होतो आणि पिल्लू जेवणाच्या ताटातून घरात पोचतं. या वंशाच्या माद्या अंडनलिकेने पानाला बारीक भोकं पाडतात. भारतात चहाच्या पानांचं त्यामुळे झालेलं नुकसान १९६० च्या दशकातच नोंदलं गेलं आहे. मुंगीचा शत्रू म्हणून ज्याचं नाव घ्यायचं, तो चहावर कीड म्हणून लिहिला गेलाय.

आत पोचल्यावरही घाई नाही. कामकरी मुंगीच्या अंगावरून उतरून अळीच्या अंगावर जायचं, तिच्या कातडीत तोंड रुतवायचं आणि थांबायचं. अळी अजून लहान आहे. आत्ता खाल्लं तर पोट भरणार नाही आणि मेलेली अळी दाया लगेच उचलून टाकतील. म्हणून दाया अळीला भरवत राहतात, ती गुबगुबीत होते, कोषावस्थेत जाते, आणि मग पिल्लू खरं जेवायला बसतं. कोषावस्थेतल्या मुंगीच्या पोटाकडच्या बाजूला चिकटून ते बाहेरूनच रस ओढतं, दोनदा कात टाकतं आणि काही दिवसांत शेकडो पटींनी वाढतं. मुंगीचं उरतं एक चुरगळलेलं सालपट. ज्या मुंग्या रेशमी कोष विणतात त्यांच्यात हे सगळं कोषाच्या आत होतं. बाहेरून कोष अगदी शेजारच्यासारखा, आणि मुंग्या तोही तितक्याच काळजीने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवत राहतात.

मुंग्यांना हे कळत कसं नाही? मुंगी आपलं-परकं ओळखते ते अंगावरच्या मेणचट थराच्या वासाने. या थरातले हायड्रोकार्बन कमी-जास्त प्रमाणात मिसळून वसाहतीचा वास होतो. आगमुंगीच्या (फायर अँट) वसाहतीतल्या ओरासेमावर १९८९ मध्ये व्हँडर मीर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. ओरासेमाच्या अळी आणि कोष यांच्या अंगावर यजमानाचाच वास सापडला. तो त्यांनी बनवलेला नव्हता, यजमानाच्या अंगाला लागून, चाटण्यातून अंगी भिनलेला होता. सुरंगीचे वळेसर ठेवलेल्या टोपलीला सुरंगीचा वास यावा तसा. प्रौढ माशी बाहेर आली की तिचा स्वतःचा वास वर येऊ लागतो आणि तिथून तिची घाई सुरू होते.

मेक्सिकोत एक्टाटोमा मुंग्यांच्या वसाहतींत या शेवटच्या टप्प्याची निरीक्षणं झाली आहेत. नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीला कामकरी मुंगी जबड्यात धरते, बिळाच्या तोंडाशी नेते आणि बाहेर सोडून देते. माशी पाय-पंख अंगाशी आवळून निपचित राहते आणि बहुतेकदा तिला ओरखडाही उठत नाही. अंगावर बसून आत आलेली, तोंडात बसून बाहेर गेलेली. बाहेर नर थांबलेले असतात. मिलन काही क्षणांत उरकतं आणि मादी झाडाकडे उडते.

सगळ्याच माश्या अशा सबुरीच्या नाहीत. स्पेनमध्ये २०११ मध्ये चित्रफितींवरून नोंदवलेल्या कोलास्मोसोमा नावाच्या माशीला चालत्या मुंगीच्या अंगात अंडं घालायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. आणि युरोपातली इक्न्युमॉन युमेरस तर थेट घरात घुसते. तिचा यजमान मुंगी नाही. मुंगीच्या घरात ऐतखाऊ होऊन राहिलेला निळ्या फुलपाखराचा सुरवंट हा तिचा यजमान. आत शिरताना ती अंगातून अशी द्रव्यं सोडते की मुंग्या एकमेकींवरच तुटून पडतात, आणि त्या गदारोळात ती सुरवंटापाशी जाऊन अंडं घालून निघते. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. चोराच्या घरी चोर, आणि घरधनी आपसात भांडतायत.

आता कोकणात हे बघायचं कसं. घरटी फोडून सुरुवात करू नये. पालवी फुटायच्या हंगामात काजूच्या वा आंब्याच्या खालच्या फांदीवर शिवण चालू असलेलं घरटं शोधावं आणि दीड-दोन हातांवर स्थिर बसावं. फांदीला हात लागला की ओंबिली शिवण सोडून पहाऱ्यावर येतात, अळ्या आत नेल्या जातात आणि बघायचं तेच संपतं. तोंडाची वाफ त्यांच्यावर जाऊ देऊ नये, ती त्यांना लगेच कळते. जवळ १० पटीचं भिंग आणि जवळचं टिपणारा कॅमेरा असला की पुरे. पानांची खालची बाजू, मधुग्रंथींची जागा, कळ्यांचे खवले भिंगाखाली सावकाश बघावेत.

गोळा करायचं तर पिवळ्या थाळ्या सगळ्यात स्वस्त. बारीक माश्यांना पिवळा रंग खेचतो. प्लास्टिकच्या आठ-दहा उथळ पिवळ्या ताटल्या बागेत तीन-चार मीटर अंतराने जमिनीला टेकवून ठेवाव्यात, प्रत्येकीत दोन बोटं पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि माशी बुडते. जास्त घातला तर फेस होतो आणि माश्या फेसावर बसून सुटतात. चोवीस तासांच्या आत थाळ्या उचलायच्या, आपल्या हवेत त्यापुढे सगळं कुजतं. पाणी मलमलीतून गाळून जे उरेल ते ७० टक्के अल्कोहोलात. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के. पावसाळ्यात थाळ्या भरून वाहतात, तेव्हा हा उद्योग करू नये.

मुंगीच्या घरातूनच माशी निघते हे दाखवायचं तर कोष वाढवावे लागतात आणि इथे बहुतेकांचं फसतं. नुसते कोष डबीत ठेवले तर दोन-तीन दिवसांत बुरशी येते, कारण बुरशी चाटून काढणाऱ्या दाया सोबत नसतात. पंचवीस-तीस कामकरी त्याच वसाहतीतल्या बरोबर घ्याव्यात. दुसऱ्या वसाहतीतल्या घेतल्या तर त्या कोष खाऊ शकतात. पारदर्शक डब्याच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून दोन बोटं रुंद पट्टा द्यावा, वाळल्यावर मुंग्यांचे पाय त्यावर टिकत नाहीत. दमट हवेत पावडर ओल धरते आणि मुंग्या वर चढतात, म्हणून पट्टा चार-पाच दिवसांनी नवा करावा. तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर ओला ठेवावा, पण पाणी साचू देऊ नये. एका कोपऱ्यात साखरपाण्याचा बोळा. डबा रोज सकाळी बघायचा. प्रौढ माशी आज सकाळी असते आणि दुपारपर्यंत तिचा वास फिरला की मुंग्या तिचे तुकडे करू शकतात. मुंगळ्याच्या कोषांत शोधत असाल तर कोष दिव्यासमोर धरा. मुंगीचा देह आखडलेल्या पायांसह लांबट दिसतो, माशीचा आखूड, कुबड असलेला आणि पुढे पुढे काळपट. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात यातलं काहीही वन खात्याच्या परवानगीशिवाय करू नये.

बागेत हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: या माश्या आणून सोडल्या तर ओंबिली जातील का? जाणार नाहीत. पाच लाखांच्या वसाहतीतल्या काही अळ्या गेल्या तर राणीला ते जाणवतही नाही, ती अंडी घालतच राहते. हजारो पिल्लांतली थोडकीच घरात पोचतात, आणि यजमानाची वसाहत संपली तर माशीचीही संपते. शिवाय ओंबील घालवायचीच कशाला, हा माझा उलट प्रश्न आहे. काजूच्या कोवळ्या फुटीतून रस शोषून त्या करपवणारा ढेकण्या ओंबिलीच्या झाडावर कमी असतो. ओंबील पिठ्या ढेकणाला आणि खवले किडीला पोसते, त्यातून पानांवर काजळी येते, हेही खरं. काढणीच्या फांद्यांपुरती घरटी हलवावीत आणि बाकी झाड तिच्याकडे सोडावं, हे मला जास्त पटतं. सरसकट फवारणीत ओंबील मरते, तिच्यासोबत या माश्याही, आणि पिठ्या ढेकूण मात्र मेणाच्या आवरणाखाली पुष्कळदा वाचतो.

कोकणात आंबा-काजूच्या किडींची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, पण ओंबिलीच्या घरात काय काय राहतं याकडे फार थोड्यांनी लक्ष दिलंय. त्यामुळे एखादी झळाळती हिरवी माशी हाती लागली तर तिला एकटी बाटलीत टाकू नका. त्याच झाडावरच्या पाच-सहा मुंग्या त्याच बाटलीत हव्यात, मोठ्या आणि लहान दोन्ही. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून आत घालायची, बॉलपेनची शाई अल्कोहोलात धुऊन जाते. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, वेळ, झाड, जमिनीपासूनची उंची, आणि माशी तेव्हा काय करत होती ते: बसलेली, घिरट्या घालणारी, की मुंगीच्या तोंडात.